फुली मारलेली पेटी

पाटीवर अजून 'सागर रेडिओ' आहे. रेडिओ कुणी आणत नाही.
येतात ते मासे शोधायचे संच, वायरलेस, जीपीएस.
उघडले की आत मीठ,
तारलीच्या खवल्यासारखं चिकटून बसलेलं.

तारामुंबरीहून रावजी तांडेल आला,
गोणपाटातला संच काउंटरवर ठेवला.
"बघ रे, ह्येका जीव आसा काय."
नव्हता. मी तसं सांगितलं.
"मगे जाता जाता खाडीत टाकतंय."

मी संच पालथा केला, पाठीवरचं चित्र दाखवलं:
चाकांची कचरापेटी, तिच्यावर फुली.
म्हटलं, हे टाकायचं नसतं.
ज्यानं घडवलं त्यानंच परत न्यायचं,
कायदाच आहे तसा आता.
रावजी चुना मळता मळता थांबला.
"म्हणजे माहेराक धाडूचा?"
तसंच काहीतरी, म्हटलं.
"आणि माहेरच्यांनी दार नाय उघडला तर?"

टोल फ्री नंबर लावला.
एक दाबा, तीन दाबा, पिनकोड सांगा.
बाई फार गोड बोलल्या.
सर, आपल्या जवळचं केंद्र कोल्हापूर.
'जवळचं' हा शब्द मी रावजीला सांगितला नाही.
एस.टी.च्या कंडक्टरनं विचारलंच असतं,
ह्याचं हाफ काढू का फुल?

खरं सांगायचं तर माझेही हात स्वच्छ नाहीत.
नव्या मालात शिसं चालत नाही,
नवा डाख हट्टी, जास्त तापमान मागतो,
आणि माझ्या फळीवर साठ-चाळीसची जुनी चार रिळं:
लगेच वितळतं, चकाकतं, सांगितलेलं ऐकतं.
जेवायच्या आधी मी हात धुतो.
बहुतेक वेळा.

शिसं आमच्या घरात माझ्या आधीपासून होतं.
बाबा ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे,
लोखंडी पळीत, चुलीवर वितळवायचे,
ओल्या रेतीत बोटानं खळगे करून ओतायचे,
जाळ्याच्या पायदोरीला वजनं.
लवकर गार व्हावं म्हणून मी आणि थोरला गोविंद
गालफडं फुगवून फुंकर घालायचो.
गोविंदचं डोकं सारखं दुखायचं.
शाळेत पाढे विसरायचा, मार खायचा.
आईनं दृष्ट काढली,
मीठ-मोहऱ्या तडतडल्या,
त्याच चुलीत.

बॅटरी बनवणाऱ्याचं नाव कुणी वाचलं नव्हतं.
वाचून करायचं काय होतं?

जामसंड्याचा शब्बीर साटविलकर पूर्वी
खाजणाच्या कडेला वायरी जाळून तांबं काढायचा.
आता जाळत नाही, किलोवर घेतो,
टेम्पो भरला की पाठवतो.
म्हणतो, पुढे ह्याचा दाखला होतो,
दाखला कंपनी विकत घेते,
तिच्या खात्यावर तेवढं वजन कमी.
आणि टेम्पो भरेपर्यंत? मी विचारलं.
त्यानं परसाकडे हात केला.
सुरंगीच्या झाडाखाली टीव्हींची रांग,
एकावर कोंबडी बसलेली.

शब्बीरच्या फॉर्मात एक रकाना आहे:
उत्पादकाचे नाव.
रावजीचा संच पुन्हा उजेडात धरला.
चित्र तेवढं ठळक, कोरलेलं, फुलीसकट.
नावाची चिकटपट्टी मात्र खाऱ्या वाऱ्यानं
कडेकडेनं खात आणलेली.
राहिलं होतं एक 'एम',
आणि अर्धा आकडा, तीन किंवा आठ.
"बापाचा नावच गेला," रावजी म्हणाला,
आणि हिशोब न विचारता
संच माझ्याकडेच ठेवून बंदरावर गेला.

पोटमाळ्यावर आता असे सतरा आहेत.
रकान्यात मी लिहिलं, 'वाचता येत नाही'.
शब्बीर म्हणाला, असं चालायचं नाही.

त्या दिवसापासून एक सवय लागलीय.
नवा कोरा संच दुकानात आला,
नुसती केबल जोडायला का असेना,
मी आधी मागचे चार स्क्रू काढतो,
आतल्या पत्र्यावर, वारा पोचत नाही तिथे,
खिळ्यानं कंपनीचं पूर्ण नाव कोरतो,
गाव, पत्ता, असेल तर फोन.
गिऱ्हाईक विचारतं, ह्या काय करतंस?
ह्याचे पैसे नाही घेत, म्हणतो.
आणि झाकण लावतो.