दीड तास

वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही.
इटा ते दारातच काढून घेते,
हातात शिसपेन्सिल ठेवते,
आणि फोमच्या उशीवर टेकवते
१८७१ सालची कोर्टाची नोंदवही,
कणा मोडलेल्या म्हातारीला निजवावं तशी, हलकेच.

माझ्या तक्त्यात तीन रकाने :
आर्थिक, कायदेशीर, सामाजिक.
विद्यापीठाला असंच लागतं.
अनुदान तीन वर्षांचं, दोन संपली,
आणि मी अजून गॉलवेच्या पश्चिमेला
शेवाळाच्या खटल्यांत गुडघाभर उभी.

हो, शेवाळाचे खटले.
त्या खडकांवर माती नव्हतीच.
माणसांनी पाठीवरून वाळू आणली, शेवाळ आणलं,
थरावर थर टाकून
घोंगडीएवढं शेत केलं
आणि त्यात बटाटा लावला.
म्हणजे ज्याचं शेवाळ त्याचा बटाटा.
आणि शेवाळ कुणाचं?
खडकावरून कापलेलं जमीनदाराचं.
लाटेनं आणून टाकलेलं –
इथे वकिलांची मतं दिवसातून दोनदा
पुढे येतात, मागे जातात.

पान एकशे बारा.
ओनोरा मलकेरिन, विधवा.
दोन हारे शेवाळ, परवानगीविना.
दंड एक शिलिंग, खर्च दीड शिलिंग.
आरोपीचं म्हणणं : या मथळ्याखाली
तिरक्या, सुबक इंग्रजीत एकच ओळ,
'विशेष काही नाही.'

मी भरलं. आर्थिक : अडीच शिलिंग.
कायदेशीर : अतिक्रमण.
सामाजिक : विधवा.
बाई एका ओळीत आटोपली.
मी चहाला गेले.

पुढच्या आठवड्यात एक गठ्ठा निघाला.
दोरी इतकी ताठ की इटानं दातओठ खाऊन सोडली.
आत नुसत्या पावत्या :
मेणबत्त्या, शेकोटीचं पीट, शिपायाच्या बुटांचे तळवे,
आणि दुभाषा फेस्टस कॉइन,
तीच तारीख, तोच खटला,
तीन शिलिंग.
कोंबडीपेक्षा मसाला महाग.
खाली त्यानं कारण दिलंय, जरा घाबरत,
पैसे कापले जातील या धास्तीनं :
'बाईस इंग्रजी येत नाही.
बाई दीड तास बोलली.'

दीड तास.

त्या खडकाला नाव असणार, तिनं ते घेतलं असणार.
तो कुणाच्या लग्नात कुणाला दिला,
त्या वर्षी वारा कुठून होता,
कोण बुडालं, कुणाची वाट पाहणं कधी सोडलं,
आणि साहेबांचा कारभारी लॅम्बर्ट-हेअर
कुठल्या ओहोटीला नेमका तिथे कसा उभा होता.
मी हे सगळं रचतेय.
माझ्याकडे फक्त वेळ आहे, आतलं काही नाही.
तिची भाषा मला शाळेतून येते,
क्रियापदांच्या तक्त्यांपुरती.

कारकुनानं टाक बुडवला असेल, थांबला असेल,
निबावर शाई वाळली असेल.
'विशेष काही नाही' कोण म्हणालं?
न्यायाधीश, जेवणाची वेळ टळत चालली म्हणून?
फेस्टस, घसा सुकला म्हणून?
की शेवटी ओनोराच म्हणाली,
'जाऊ द्या, विशेष काही नाही',
आणि तिच्या साऱ्या बोलण्यातलं
तेवढंच एक वाक्य भाषांतर होऊन पलीकडे पोचलं?

प्राध्यापक लावेल म्हणाले,
कालावधी हा मजकुराचा पुरावा नव्हे.
बरोबर आहे त्यांचं.
ते नेहमीच बरोबर असतात, आणि त्यांच्या खोलीत
खुर्ची एकच आहे.

घरी आले. तक्ता उघडला.
ओनोराच्या ओळीत, जागा नव्हती तिथे
चौथा रकाना ओढला, मथळा न देता,
आणि टाइप केलं : १:३०.

संगणकानं क्षणभर विचार केला
आणि दुरुस्त करून दिलं :
दुपारी दीड वाजता.

मी खोडलं, पुन्हा लिहिलं.
त्यानं पुन्हा दुपार केली.