एका ट वरून

वाशीला, सेक्टर सतरात, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर
माझं टेबल. अर्ज, शपथपत्रं, नावातल्या दुरुस्त्या.
लोकांची दुखणी मी सरकारी मराठीत बसवते,
पानामागं चाळीस रुपये.

सायबण्णा मुद्दे आला तो फाइल घेऊन,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.
वर लाल शेरा :
प्रमाणपत्रात सिलिकेट. यादीत सिलिका. मेळ बसत नाही.

एका ट वरून परत.

तेवीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीत
सुरुंगाची भोकं पाडली त्यानं, पुढं क्रशरवर.
आता घणसोलीत एका टॉवरच्या फाटकाशी
खुर्ची टाकून बसतो, आणि कुठंही जिना दिसला
की आधी त्याच्याकडं नीट बघून घेतो,
उसनं मागायला आलेल्याकडं बघावं तसं.

मी कोश उघडला.
सिलिकेट : सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात
दुसरी मूलद्रव्यं राहायला आली की होणारं खनिज.
पृथ्वीचं कवच बहुतेक याचंच.

म्हणजे अख्खा पारसिकचा डोंगर.
डोंगराची खडी, पाम बीच रोडच्या पोटातली.
माझ्या ओट्याचा ग्रॅनाइट, कान तुटलेला कप,
गुलालातली अभ्रकाची चमक,
कुंडीतली, तुळस न धरणारी माती.
एवढं सगळं ज्या शब्दात मावतं
तो एका माणसाच्या छातीत अडकला
हे कारकुनाला पटावं तरी कसं?

आणि सिलिका?
तेच दोघं. घरात तिसरं कुणी नाही.

डॉक्टरनं घाईत लिहिलं असणार, मी म्हटलं.
तुम्ही काय म्हणायचात, खाणीत?

गार, तो म्हणाला.

माझा चहा गार झाला होता.
आभाळातून पडते ती गार.
तापातून उतरलेलं अंग गार,
आणि न उतरलेलंही,
शेवटी.

काळ्या दगडात पोकळी लागायची, बाई.
नारळ फुटावा तशी फुटायची, आत पांढऱ्या कळ्या.
मुकादम म्हणायचा, फुलं बघायला आणलंय का, टाक क्रशरात.
ड्रिलला पाणी नसायचं.
टँकर यायचा, तो हापिसापुढच्या झाडांना.
कोरडी गार उडते. उन्हात बघाल तर
छान दिसते. खोटं कशाला बोलू.

मग त्याला खोकला आला.
मी पेन खाली ठेवलं.
एकाच जागी, दगडावर टाकी पडावी तसा,
ट, ट, ट.
यादीत नसलेलं ते अक्षर
तिथं होतं. कुणी खोडलेलं नव्हतं.

अर्ज लिहिला. शब्द दुरुस्त करून मिळावा ही विनंती.
सिलिका असं लिहिलं, आणि पुढच्याच ओळीत,
अर्जदाराच्या भाषेत, गार.
सही मंगळवारी, ओपीडीत, डॉक्टर आले तर.
पैसे नको म्हटलं तर त्यानं खिसा उलटा केला :
दहाची एक नोट, बसचं तिकीट, दोन गारगोट्या.
गारगोट्या टेबलावर ठेवल्या.
नातीच्या आहेत. अंधारात घासून बघा.
तिच्याकडं अजून खूप आहेत.

कोपरखैरण्यात, रात्री, दिवा मालवून,
पन्नाशीतली बाई मी, चादरीखाली शिरले.
एकीवर दुसरी ओढली.
आतून उजळल्या, पिवळट, दमलेल्या काजव्यासारख्या,
नाकाला जळका वास.
पुन्हा ओढली. पुन्हा.

बोट लावून पाहिलं,
एवढा उजेड झाला तिथं.
गार.