दाराच्या मापाचं घर

लाव्हा घाईत नव्हता, न्या झुल्मिरा सांगते.
गाभण गाय चालते तसा आला,
मध्येच थांबला, दम खाल्ला,
न्यो तेओफिलच्या डुकरांच्या कुडाशी तर
अख्खी दुपार बसून राहिला.
आम्हाला वाटलं, झालं, निजला.
रात्री परत उठला.

म्हणून वेळ होता.
कुणी छपराचे पत्रे उतरवले, कुणी गाद्या,
मास्तरांनी शाळेची घंटा खांद्यावर टाकली
आणि हजेरीपट विसरले.
न्या झुल्मिरानं आधी पिंप काढलं,
मग दार, बिजागरीसकट.
नवऱ्याचा फोटो भिंतीवर राहिला.
"त्याला चाळीस वर्षं बघितलं होतं," ती म्हणते,
"आणि पिंप अर्धं भरलेलं होतं."

फोगु बेटावर, ज्वालामुखीच्या तळहातावर हे गाव.
जुनं घर आता आमच्या पायांखाली,
दोन पुरुष खोल.
त्याच्या डोक्यावरच तिनं नवं बांधलं.
गवंड्यानं विचारलं, किती बाय किती?
तिनं दार उभं करून धरलं:
याला शोभेल एवढं.
पहिल्या वर्षी जमीन इतकी ऊन
की कोंबड्या पाय उचलून उचलून चालायच्या,
नवऱ्या मुलीसारख्या.
मांजरं तेवढी खूश होती.

इथे वेली मांडवावर चढत नाहीत.
काळ्या राखेतल्या खड्ड्यांत
हात टेकून पडलेल्या असतात,
जणू कानातलं हरवलंय आणि अंधार पडायला आलाय.
रांग नाही, ओळ नाही.
पहाटे कड्यावरून धुकं उतरतं, तेवढंच पिणं.
नदी हा शब्द त्यांनी ऐकलेलाही नसेल.

मी लिस्बनहून आलो, तोडणीपुरता.
पहिल्याच टोपलीला कंबर धरली.
डोंगराचा दादू म्हणाला, भाच्या, वाकू नकोस,
बस. द्राक्षांपुढे बसायचंच असतं.
दुपारी दगडी हौदात उतरलो आम्ही चौघं.
पाय धुवायला चौघांत एक तांब्या.
माझे पाय बुटात वाढलेले, पांढुरके, लाजाळू;
दादूची टाच म्हणजे वाळलेलं शेवग्याचं खोड.
साल आधी गार लागते,
मग आतून गुदगुल्या,
मग मांड्यांपर्यंत चिकट, गोड,
आणि गांधीलमाश्या.
कुणी बोलत नाही. श्वास मोजून पडतात पाय.

संध्याकाळी न्या झुल्मिरा वाडगं घेऊन आली.
दरसाल ती जुन्यातलं थोडं नव्यात घालते,
विरजणासारखं.
त्याशिवाय नव्याला तोंड फुटत नाही म्हणे.
यंदा बूच काढलं
आणि वास आधी मांजराला आला. ते उठून गेलं.
मग आम्हाला.

व्हिनेगर.
सबंध पिंप. नाकातून थेट मेंदूत.

कुणी काही बोलेना.
दादू उगाच हौदाची कड पुसत राहिला.
न्या झुल्मिरानं बोट बुडवलं, चाटलं,
डोळे मिटले, पुन्हा चाटलं.
मग हसायला लागली,
पोट धरून, दाराला टेकून.
ते दार करकरलं, बाकी सगळं घर नवं असून.
"त्याला तिथे सोडलं," ती म्हणाली,
"आणि हे डोक्यावरून आणलं!"

त्या आठवड्यात आम्ही बोकड खाल्ला
त्या व्हिनेगरात मुरवलेला.
तसा बोकड मी आजवर खाल्लेला नाही.
नवा रस विरजणाशिवायच उकळू लागला,
स्वतःच्या मनानं, जरा उशिरा.

निघायच्या आदल्या रात्री
तिनं मला दंडाला धरून अंगणात नेलं,
इकडे सरकवलं, अर्धं पाऊल मागे घेतलं.
"हां. इथे. भिंत बरोबर तुझ्या टाचेखाली.
खिळा मीच ठोकला होता, चांगला लांब."

मी टाच उचलली.
"ठेव रे," ती म्हणाली,
"त्याला सवय आहे पायांची."