कॉटर पिन

अस्मारात संध्याकाळी वीज जाते,
म्हणून चारलाच सायकल आत घेतली,
ओट्याला टेकवली. खाली पोतं.

नट पुरता काढू नकोस, आबो खुर्चीतून म्हणाले,
टोकाशी राहू दे, नाहीतर आटे चेंबतील.
त्यांचा उजवा हात मांडीवर,
कुणीतरी आणून बसवलेल्या पाहुण्यासारखा.

क्रँकखाली पाइपचा तुकडा उभा,
पिनेला दोन दिवस रॉकेल पाजलेलं.
मारला हातोडा. ठण्ण.
पुन्हा ठण्ण.
खालच्या लेतेंकीएलबाईंनी छताला झाडू आपटला.
घाबरतेस तू, आबो म्हणाले,
पिनेला कळतं ते.

मग एक घाव
ठण्ण नाही, ठप्प वाजला,
आणि माझ्याआधी त्यांना ऐकू आलं:
थांब. सुटली.

काळी, बोटभर, एका अंगानं सपाट.
डाव्या अंगठ्यानं त्यांनी ते सपाट अंग चाचपलं,
कानशीच्या तिरक्या रेघा.
माझ्याच, म्हणाले.
घाईत घासलेल्या.
तुझी आई दवाखान्यात होती त्या रात्री.

क्रँक दोनदा हलला, निघाला,
पोत्यावर पडला.

आता डावा, म्हणाले.
मी हातोडा त्यांच्या डाव्या हातात दिला
आणि पाइप धरून
खाली बसले.