फहाहीलमधलं हरिकेन

दुकानात दोनच खोकी उरली होती.
स्पिटफायर देखणं, पण चाकं जवळजवळ,
वाळूत हमखास कलंडणार.
हरिकेन पाठीत वाकलेलं, पाय फाकवून उभं,
आमच्या फिटर कातळकरांसारखं.
तेच घेतलं.

तीन महिने बाल्सा घासला बाथरूममध्ये,
रूममेट झोपल्यावर.
नाक हलकं पडलं, तर
पन्नास फिल्सची नाणी कोंबली आत.
बंदुकांच्या नळ्या डबीतच राहिल्या;
विसरलो, असं सांगतो विचारलं की.

शुक्रवारी वफ्रा रोडच्या मैदानावर
पहिलीच फेरी डोक्यावरून गेली
आणि क्लबचे म्हातारे अबू नासिर
मटकन खाली बसले, कानांवर हात.
मग हसले. धूळ झटकली. म्हणाले, चालू दे.

मी इंजिन बंद केलं.
नुसत्या वाऱ्यावर
आणलं खाली, त्यांच्यापासून
लांब.