लेंडीपाणी

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या.
साखळी ओढली, शंकू रोवला,
भावाभावांच्या मधोमध उभं राहून
दगड दाखवला: इथवर तुझं, इथून त्याचं.
दोघेही मग माझ्याकडेच रागानं बघायचे.

आता बोरीपलीकडे, अमळनेरच्या टोकाला
माझा स्वतःचा प्लॉट. साडेतीन गुंठे.
जावई म्हणाला, तार घाला, सिमेंटचे खांब,
एका दिवसात मोकळे.
मी विलायती चिंचेच्या बिया भिजत घातल्या.
तार पहिल्या दिवशी असते तेवढीच शेवटपर्यंत,
गंज सोडला तर.

दोरी ताणली, चर खणला,
दोन ओळी, वितीवर एक बी, एकाआड एक.
सवय जात नाही:
सोळा आण्यांची साखळी, साखळीला अठ्ठ्याऐंशी बिया,
साडेसात साखळ्या आणि वर दीड आणा.
पश्चिमेला चार हात फाटकासाठी सोडले.

दहाव्या दिवशी माती उचलून
हिरवे कान वर आले.
दोन महिन्यांत वीतभर.
मग एका दुपारी, मी जेवून लवंडलो असताना
सुपडाबाईची कानतुटी बकरी आली
आणि पूर्वेची दीड साखळी
माझ्या कुठल्याही मोजणीपेक्षा सरळ रेषेत
खाऊन गेली.

बाभळीच्या काट्या ओढून आणल्या, आडव्या रचल्या.
ती गुडघे टेकून खालून मान घाली.
पऱ्हाट्यांचा ताटवा उभा केला,
तिनं तोही चाखला,
फरसाण खावं तसा, कुरुकुरु.
बायकोची जुनी लुगडी बांधली काठ्यांना,
रात्री नदीतून वर येणाऱ्या रोह्यांसाठी.
रोही बिचकले.
बकरीनं निळ्या लुगड्याचा पदर चघळला.
मी दगड उचलला. नेम चुकला,
सुपडाबाईच्या पत्र्यावर पडला.

त्या आवाजाला ती बाहेर आली. भांडली नाही.
"मोजणीवाले आप्पा," म्हणाली,
"बकरी सोतानी लेंडीना वास उना का तोंड लावत नही."
लेंड्या रात्रभर भिजवायच्या,
फडक्यातून गाळायच्या, केरसुणीनं शिंपडायचं पाल्यावर.
लेंड्या कुठून आणू, मी विचारलं,
आणि माझा प्रश्न मलाच ऐकू आला.

मग काय,
जिच्यापासून राखायचं
तिच्याच गोठ्याशी बादली घेऊन उभा.
सर आली की वास धुऊन जाई,
की पुन्हा बादली.
हात तीनदा धुतले तरी ताटावर बसल्यावर
बायको जरा सरकून बसायची.
सुपडाबाईनं पैसे घेतले नाहीत. एवढंच,
"वाढनं का छाटनं पडी. तो पाला मना."
कागद नाही, शिक्का नाही, पंच नाहीत.
असल्या कराराला माझ्या दफ्तरात
रकानाच नव्हता.

हे तिसरं वर्ष.
कुंपण छातीला लागतं, काटे मनगटाला.
तीन बाजू बऱ्या आहेत,
उत्तरेला वाळवीनं थोडी खिंड पाडली आहे.
पण पूर्वेची ती दीड साखळी
इतकी दाट की सरडासुद्धा वळसा घालून जातो.
शेंडे खुडले गेले म्हणून बुडाशी फुटवे आले.
हे मी सुपडाबाईला अजून सांगितलेलं नाही.

महिन्याकाठी कात्री काढतो.
पहिला आवाज होतो न होतो
कानतुटी फाटकाशी हजर.
फाटक उघडंच असतं, ती आत येत नाही,
ओठानं काटा बाजूला सारून
डोळे अर्धे मिटून खात राहते, घाई नसल्यासारखी.

काल तिच्या मागे तिचं करडू होतं.
त्याचे दोन्ही कान शाबूत.
ते उड्या मारायला शिकतंय,
अजून माझ्या गुडघ्याइतक्याच.

बादली कुठे ठेवली मी.