चॅनल सात

टाकोराडीच्या मार्केट सर्कलमध्ये, घड्याळजीच्या वरच्या खोलीत
पा क्वेसीनं काचेवर तीन जोड्या मांडल्या,
स्थळं दाखवावीत तशा.
"एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर, एक दिव्याच्या पायाशी.
मधे तार नाही, आराबा. मधे काहीच नाही."

नऊ वर्षं मधे तार होती माझ्या.
पाच मीटर, काळी, वेटोळं कधीच न धरणारी.
गेल्या ईस्टरला तिच्यात पाय अडकून
एका नवरदेवाची मावशी
केकसकट खाली बसली.
तारेनंतर आणला उजेड बघून पेटणारा डोळा.
तो तर कुणाच्याही फोनवर भाळायचा;
पाहुण्यांनी फोटो काढले, माझा दिवा नाचला,
मी बटण दाबलं तेव्हा दमून बसलेला.

"हा मास्टर," पा क्वेसी म्हणाला, "आणि हा स्लेव्ह."
मी म्हटलं, एलमिनाचा किल्ला इथून बसनं दीड तास.
तो शब्द माझ्या पिशवीत येणार नाही.
एकीला थोरली म्हण, दुसरीला धाकटी.
"बरं," तो म्हणाला. "थोरलीची किंमत जास्त आहे."

पहिली जोडी महागडी.
स्वतःच मोजते, स्वतःच ठरवते उजेड किती.
तिच्या लेखी सगळं जग करडं.
आमचे गाल ती उजळून उजळून राख करते,
आणि पांढरा झगा दिसला की दचकून
नवरीला अंधारात ढकलते.
माझ्या आईचा रंग कोणता, हे
मला बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूनं सांगू नये.

दुसरी स्वस्त. पाचांत चारदा पेटते.
न पेटणारी पाचवी वेळ कुठली असते
ते प्रेतयात्रेचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा.

तिसरी वापरलेली. कोपरा फुटका, टेप लावलेला,
चॅनल बदलायला केसातली पिन लागते.
मी थोरली घेतली, धाकटी दिव्यासकट पोराच्या हाती दिली,
खिडकीत उभा राहा म्हटलं, आणि जिना उतरले.

टोमॅटोवाल्यांपाशी दाबलं. "लागला!" वरून एबो ओरडला.
धुरावलेल्या माशांच्या टोपल्यांपाशी. "लागला!"
कापडवालीनं विचारलं, काय लागलं? लॉटरी?
ऐंशी पावलं. ट्रोट्रोंचे भोंगे. "लागला!"
शंभराव्या पावलावर, मी अजून दाबलंही नव्हतं,
"लागला!"

मी वर पाहिलं. बँकेच्या माडीवर
म्हाताऱ्या अकॉन मास्तरांचा स्टुडिओ,
पासपोर्टचे फोटो, कान दिसले पाहिजेत.
कुणीतरी तिथं सरळ बसलं असेल,
मास्तरांनी "हलू नका" म्हटलं असेल,
आणि त्यांच्या बोटानं माझा दिवा पेटला.
त्यांच्याकडेच मी शिकले. भांडून निघाले.
सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या नमस्काराला
उत्तर दिलेलं नाही.

मी दाबलं.
माडीच्या पडद्यामागं क्षणभर पांढरं झालं.
थोड्या वेळानं खिडकीत आपला दिवा, "लागला!"
मी पुन्हा. ते पुन्हा.
एबोला वाटलं यंत्र बिघडलं.

मग केसातली पिन काढली,
दात लावून सरळ केली, चॅनल सातवर गेले.
वर येऊन पैसे मोजले, दहा सेडी कमी करून घेतले,
पेन्सिल सेल मात्र आठ, नवे, त्याच्यासमोर तपासून.

शनिवारी समुद्रावर लग्न आहे.
एबो दिवा घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहायला तयार आहे.
खाऱ्या वाऱ्यात ही किती टिकेल
ते पा क्वेसीनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.